ओट्यावरचा तांब्या

डोहगाव,
गौरी उठल्या त्याचा दुसरा दिवस, सन १९५६

चि. वामनला जयवंता आत्याचे आशीर्वाद, आणि विमलबाईला त्याहून दुप्पट, कारण तिला आता दोघांपुरते लागतात. सहावा सरला म्हणतोस. पत्र वाचलं आणि दुकानात होते तेवढ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. शकुबाई म्हणाली, "बाई आज काऊन एवढ्या उदार झाल्या?" मी म्हटलं, "माहा वामन्या बाप होऊन राह्यला. खा गुमान."

आता पोटातलं लिहिते. तुझ्या आईचा नवस अजून तसाच पडून आहे. अठ्ठेचाळीस सालच्या पावसाळ्यात लुटारूंनी गाव धुऊन नेलं, नावाड्या फकिरानं तुला डोंग्यात घालून मौनीबाबाच्या लेण्यात लपवलं आणि मग तू नदीपार झालास. तेव्हा वहिनी बोलली होती की पोरगा वाचला तर आपल्या पायांनी बाबाच्या पायऱ्या चढेल. वहिनी गेली. तू यवतमाळात मास्तर झालास. दोन लेकरं पाळण्यातून गेली. मी कशाचा कशाला संबंध लावत नाही, पण रात्री कूस बदलताना तो आपोआप लागतो.

मीही त्याच दिवशी बोलले होते, वामन्या वाचला तर तोंडात शिवी आणणार नाही. आठ वर्षं पाळलं. सगळ्या गावाला ठाऊक आहे माझ्यासाठी ते काय होतं. परवा मारोतरावाचा बैल माझ्या पायावर उभा राहिला, तरी मी "रामा" म्हणून गप्प.

लोक म्हणतात दिवाळीपासून आपलं हैदराबाद राज्य मोडणार. आम्ही आंध्रात, तुम्ही मुंबईकडे. पैनगंगा आहे तिथंच राहील, पण मग ती ओलांडायला चिठ्ठी लागेल की काय कोण जाणे. त्याआधी ये. कोजागिरीची पुनव धर.

रीत विसरला असशील. पांढरं उपरणं डोक्यातोंडाला गुंडाळून जायचं. तुझ्या आईनं त्यासाठीच ठेवलेलं, तिच्या हातच्या लाल किनारीचं उपरणं माझ्या पेटीत आहे. घरातून तोंड बांधून निघायचं ते घरी परतून पाणी पिईपर्यंत शब्द काढायचा नाही. मौन्याला कोणी काही विचारत नाही, त्याला फक्त वाढायचं आणि वाट द्यायची. आणि मुख्य म्हणजे मागून हाक आली तर फिरायचं नाही. डोहातल्या आसरा माणसाच्या ओळखीच्या आवाजात बोलावतात. माझ्या आवाजात आली तरी फिरू नको.

तुझी जयवंता आत्या


यवतमाळ,
२४ सप्टेंबर १९५६

ती. आत्या, पायांवर डोकं ठेवतो.

येतो. कोजागिरीची पौर्णिमा शुक्रवारी १९ तारखेला आहे, शाळेला सुटीच असेल. पांढरकवड्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडीनं नदी, नदीवरून तुझा ओटा. नवसावर माझा किती विश्वास आहे ते मला नीट सांगता येत नाही. पण विमल हल्ली रात्री उठून बसते आणि रिकाम्या पाळण्याकडे बघते. तिच्यासाठी तरी मला त्या पायऱ्या चढायच्या आहेत.

गंमत म्हणजे आपल्या मौनीबाबाला इथे पुस्तकात बुद्ध म्हणतात. यंदा त्याला अडीच हजार वर्षं झाली म्हणून सरकारनं सगळीकडे उत्सव केले. मी वर्गात सांगितलं, मी त्याच्या पाठीमागे आठ दिवस झोपलो आहे. पोरं हसली. त्यांना खोटं वाटलं. मला अजून त्या दगडाचा गारवा पाठीला लागतो. बाहेर माणसं मला शोधत होती आणि तो डोळे मिटून बसला होता, जणू मी आत आहे हे त्यानं पाहिलंच नाही.

हाकेचं म्हणशील तर घाबरू नको. तुझ्या आवाजात आसरा बोलल्या तरी मी ओळखीन. त्या बिचाऱ्यांना तुझ्यासारख्या शिव्या कुठून येणार?

मी येणार आहे हे फार कुणाला सांगू नकोस. उगीच गर्दी होते. आणि सहज विचारतो, किनवटाकडची माणसं हल्ली आपल्याकडे बाजाराला येतात का?

तुझा वामन


डोहगाव,
घटस्थापना

चि. वामनला आशीर्वाद.

बुद्ध म्हण की बाबा म्हण. डोळे मिटून बसलेल्याला कोण कोणत्या नावानं बोलावतं याचं काय. आम्ही त्याला शेंदूर लावत नाही, कारण वहिनी म्हणायची की त्याचं अंग नाजूक आहे. दगडाचं अंग आणि नाजूक. पण तिच्या तोंडून खरं वाटायचं.

तुझ्यासाठी डिंकाचे लाडू बांधून राह्यली आहे. फकिराला डोंग्याला डांबर लावायला सांगितलं. तो म्हणे, "बाई, मास्तर वजनानं वाढला अशीन त डोंगा बुडन." मी म्हटलं, "तू उतर मंग, तुयाच वजनानं बुडते तो."

किनवटाकडची माणसं येतात की. भीमपूरच्या बाजाराहून परतताना परवाच एक आला होता. उंच, पिकल्या मिशांचा, बोलायला इतका मऊ की मी तंबाखू मोजता मोजता थांबले. तुझं नाव त्यानंच काढलं. "मास्तर बरे हायेत ना बाई? लई वर्षं झाली पाह्यलं नाई." माझा जीव सुपाएवढा झाला. मग काय, त्याला सगळं सांगितलं. पुनवेला येणार, उपरणं बांधून जाणार, मौन धरणार, माझ्या ओट्यावरून डोंग्यात बसणार. तो मान हलवत ऐकत होता. मधेच म्हणाला, "आन् मौन्याले कोणी इचारतच नाई म्हणता, तू कोण म्हणून?" मी म्हटलं, "विचारणाऱ्याला पाप लागतं."

ओट्यावरचा तांब्या पुढं केला, तर हसला. "आज नाई. पुन्हा येईन तवा पिईन." जाताना म्हणाला, जुनी ओळख आहे एवढंच कळवा. पाठ फिरवून निघालेल्याला नावगाव विचारू नये, म्हणून मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे, तोंड नीट दिसलं नाही, पण माणूस मायेचा वाटला. तुझ्या ओळखीचा कोण असेल, कळव.

तुझी आत्या


यवतमाळ,
१० ऑक्टोबर १९५६

आत्या,

हे पत्र मिळताच दुकानात बोलणं बंद कर. कुणी माझी चौकशी केली तर सांग की वामनचं येणं रद्द झालं.

तो माणूस डोमाजी आहे, त्या लुटारूंतला. मिशा पिकल्या असतील, पण बोलण्यातला तो मऊपणा दुसऱ्या कुणाचा नाही. श्रावणात तो तुरुंगातून सुटला. मला कळलं होतं, तुला लिहिलं नाही, कारण तू घाबरशील असं वाटलं.

कोर्टात मी नेमकं काय सांगितलं ते मी आईलाही कधी सांगितलं नाही. आता तुला सांगतो. त्या दिवशी आपल्या घरात शिरलेल्या सगळ्यांची तोंडं बांधलेली होती. मी माळ्यावर होतो. माझ्या वडिलांना ओढून नेल्यावर एक जण मागे थांबला. त्यानं फडकं सारून आपल्या घरच्या तांब्यानं पाणी प्यायलं, अगदी सावकाश, आणि रिकामा तांब्या जमिनीवर पालथा ठेवला. एखादं काम संपल्यावर ठेवावा तसा. पुढं किनवटाच्या बाजारात एक माणूस हॉटेलाच्या बाकावर पाणी पिऊन तांब्या पालथा घालताना दिसला. मी तोंड पाहिलं आणि ओळखलं. माझ्या साक्षीनं तो सात वर्षं आत गेला. शिक्षा ऐकली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहून इतक्या मऊपणानं नमस्कार केला की वकिलालाही ते चांगुलपण वाटलं.

तोच तांब्या, आजोबांचं नाव घातलेला, तू ओट्यावर वाटसरूंसाठी ठेवतेस. आईचा त्यात जीव होता, म्हणून मी गप्प राहिलो.

नवस टाकून द्यावा असं दहादा मनात आलं. पण विमलनं माझी पिशवी भरून ठेवली आहे. म्हणून मी वाट बदलतो. तो तुझ्या ओट्यावर डोळा ठेवून असेल, तर मी तिकडे येणारच नाही. आमच्या काठानं रानातून चालत येईन आणि लेण्यासमोरच्या उतारावरून पायी नदी ओलांडीन. १९ तारखेला दिवस कलताना पायऱ्या चढीन आणि तसाच माघारी जाईन. तुझी भेट पुढच्या वेळी. रागावू नकोस.

दसऱ्याला धम्म घ्यायला नागपूरला निघालेल्या लोकांनी रस्ते भरले आहेत, मोटारींत जागा नाही. टपाल उशिरा पोचेल या भीतीनं आजच टाकतो.

वामन


डोहगाव,
आश्विन शुद्ध चतुर्दशी

चि. वामनला आशीर्वाद.

तुझं पत्र बरेच दिवस आलं नाही. डाकवाला म्हणे मोटारीच नाहीत. पण आता पत्राचं काय काम, तूच येऊन गेलास. समोर बसला होतास तरी मौनामुळं बोलता आलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते. घरी पोचलास की वाच आणि एकेका गोष्टीचा जबाब दे.

पुनवेला येतो म्हणालास आणि दोन दिवस आधीच दारात उभा. काल दिवस कलता मी दिव्याची वात वळत होते, तर ओट्यावर तोंड बांधलेला माणूस. मी "वामन्या" म्हणाले तर तू मान हलवलीस. आठ वर्षांनी पाहिलं आणि तेही फडक्याआडून. माझ्या डोळ्यांना तर सगळं धुक्यातलं. हात लावून पाहावं म्हटलं, तर तू मागं सरलास. बरोबर आहे, मौन्याला शिवू नये.

पाया पडला नाहीस. मी मनावर घेतलं नाही. पण कारल्याची भाजी दोनदा घेतलीस ते पाहून मी थक्क झाले. लहानपणी पाटाखाली लपवायचास. यवतमाळनं चांगलीच वळणं लावली तुला. भिंतीकडं तोंड करून जेवलास, तेही रीतीला धरून. उंचही किती झालास. वहिनीचं उपरणं दिलं ते तू हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलास, तेव्हा मला भरून आलं.

आज सकाळी फकिरा तुला लेण्याखाली सोडून आला. म्हणतो, "मास्तरानं बोटानं खूण केली, आता येऊ नोको म्हून. पुनव झाल्यावर ये." मी म्हटलं, ठीक आहे, दोन दिवस बाबाजवळ बसू दे त्याला, मन हलकं होईल.

एका गोष्टीचं मात्र मी रागावले आहे. निघताना ओट्यावरच्या तांब्यातलं पाणी प्यायलास आणि तांब्या पालथा घालून गेलास. असं कोणी करतं का रे? भरल्या घरात पालथं भांडं. मी लगेच सुलटा केला. विमलबाईला सांगू नको, तिच्या मनाला लागेल.

तुझी आत्या


यवतमाळ,
२३ ऑक्टोबर १९५६

आत्या,

तुझं चतुर्दशीचं पत्र आज मिळालं. वाचून झाल्यावर मी उठून दाराला कडी लावली. भर दुपारी.

तू लांबून पाहिलंस, मी जवळून काय पाहिलं ते लिहितो. शुक्रवारी दिवस कलायला लागला तेव्हा मी उतारावर पोचलो. पाणी गुडघ्याच्या वर, पण खडकांवरून वाट होती. पाणी डोळ्यांना लावलं आणि निघालो. समोर वर, लेण्याच्या दारात, पांढरं डोकं दिसलं. मला बरं वाटलं, आत्या. वाटलं, आपल्याआधी कुणी नवसकरी येऊन बसला आहे, सोबत झाली. त्यानं हात हलवून बोलावलं. मीही हात हलवला.

मधल्या खडकावर आलो आणि नदीच्या वरच्या अंगानं तुझा आवाज आला. "वामन, माघारी फीर." हुबेहूब तूच. तूच लिहिलं होतंस, माझ्या आवाजात आली तरी फिरू नको. मी पाऊल पुढे टाकलं. पुन्हा हाक आली, रडवेली. मी मनातच आईचं नाव घेत पुढेच गेलो. पाण्यातून निघालो, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वरचा माणूस आता उभा राहून वाट देत होता.

तेव्हा ते आलं. "ए गूळचोट्ट्या. शेंबड्या. मुडदा बसवला तुया. मास्तर झाला त लई शाहाणा झाला काय? फीर माघारी, नाई त तंगडं मोडून डोहात टाकीन."

मी जागच्या जागी थांबलो. कोणत्याही देवीला हे येणार नाही. आठ वर्षांचं साचलेलं सगळं त्या नदीवरून येत होतं, कड्यावर आपटून पुन्हा येत होतं, आणि मला त्या मौनात हसू फुटलं. हसतच वर पाहिलं. वरचा माणूस हसत नव्हता. त्याचा एक हात दाराच्या आड गेला होता, आणि त्या उपरण्याची लाल किनार मला दिसली. आईच्या हातची.

मग मी पळालो. मागे पायऱ्यांवरून दगड गडगडत होते. मी सागाच्या रानात शिरेपर्यंत थांबलो नाही. तू डोंग्यात उभी होतीस, फकिरा तुझ्या लुगड्याला धरून होता, एवढंच एकदा वळून पाहिलं.

तांब्या त्यानं सवयीनं पालथा घातला की मुद्दाम? मला सारखा तोच प्रश्न पडतो.

माझ्यामुळे तुझं तोंडाचं व्रत मोडलं. आणि आईचा नवस पहिल्या पायरीवर राहिला. विमलनं विचारलं, बाबाला भेटून आलात ना. मी हो म्हणालो. ती त्या रात्री पहिल्यांदा गाढ झोपली. मी जागा होतो.

तुझा वामन


डोहगाव,
दिवाळीचा पाडवा

चि. वामनला आशीर्वाद. विमलबाईला काही सांगू नको, आशीर्वाद तेवढे सांग.

तुझं दहा तारखेचं पत्र मला पुनवेच्या दिवशी जेवणवेळेला मिळालं. कागद डोळ्यांशी धरून वाचलं आणि पालथ्या तांब्यापर्यंत आले तशी चुलीवरचं तसंच टाकून उठले. ज्याला कारलं वाढलं तो कोण ते कळलं. फकिराला म्हटलं, डोंगा काढ. तो म्हणे, "बाई, मास्तरानं येऊ नोको म्हणलं." मी म्हटलं, "तो मास्तर नोहता रे." त्यानं तसंच वल्हं उचललं.

तू फिरत नव्हतास तेव्हा मला कळलं की मीच तुला शिकवलं आहे. मग जे तोंडाला आलं ते सोडलं. फकिरा कान धरून बसला होता. बाकीच्या शिव्या तू लिहिल्या नाहीस, बरं केलंस.

तू रानात शिरल्यावर तो पायऱ्यांवरून परत वर गेला आणि कड्यामागच्या वाटेनं निघून गेला. मी फकिराला डोंगा लावायला लावला. तो नको नको म्हणत होता, पण मी चढले. गुडघे मोडके असले तरी चढले. आत कोणी नव्हतं. बाबाच्या मांडीवर माझे डिंकाचे लाडू रांगेनं मांडलेले, एकही खाल्लेला नाही. दाराच्या आडोशाला कुऱ्हाड, नवी धार लावलेली. मी बाबासमोर बसले आणि मौन वगैरे काही धरलं नाही. सरळ म्हटलं, पोराच्या पायऱ्या माझ्या पायांनी झाल्या असं समज. शिव्यांचं जे काय व्हायचं ते माझ्या अंगावर येऊ दे, त्या लेकराला पाळण्यात राहू दे. त्यानं डोळे उघडले नाहीत. तो उघडत नाही, तुला माहीत आहे.

कुऱ्हाड घेऊन चौकीवर गेले. तिथं दप्तरं बांधून राह्यले होते, खोलीभर गासड्या. जमादार म्हणाला, "आजी, कुऱ्हाड तर घरोघरी आहे. कोणाला मारली का?" मी म्हटलं, मारायची राहिली. तो म्हणाला, "मग दरखास्त एक तारखेनंतर द्या. आणि माणूस किनवटाकडचा असेल तर तो तालुका आता मुंबई राज्यात चालला. त्याचे कागद तिकडं, तुमचं गाव इकडं. तिकडच्यांनी आम्हाला लिहायला पाहिजे." मी विचारलं, तिकडचे लिहीपर्यंत तो कोणाचा? तो हसला आणि गासडीची दोरी ओढू लागला.

आता शेवटचं, आणि नीट वाच. परवा पहाटे अभ्यंगाचं पाणी तापवायला उठले. त्याच दिवसापासून आपण आंध्रात, गावात कोणी फटाके लावले, कोणी नाही. दार उघडलं तर ओट्यावर तांब्या पालथा. त्याच्याखाली वहिनीचं उपरणं, स्वच्छ धुतलेलं, नीळ देऊन चौघडी घातलेलं. बाकी काही नाही. रात्रभर मी जागीच होते आणि मला चाहूल लागली नाही.

तुला पडलेल्या प्रश्नाचा जबाब तो स्वतः देऊन गेला.

तू इकडं येऊ नको. बाळ झालं की नाव कळव, पण कार्डावर लिहू नको, पाकिटात घाल. शाळेत, मोटारीत, कोणी मऊ बोललं तर घराचा पत्ता सांगू नको. मी दुकानात आता तुझं नाव काढत नाही. शकुबाई विचारते, "मास्तराचं काय?" मी म्हणते, "कोण मास्तर?"

उपरणं चुलीत घातलं. वहिनी रागावली तर रागावू दे. तांब्या मात्र घासला, सुलटा केला, भरून पुन्हा तिथंच ठेवला. वाटसरूचं पाणी त्याच्यासाठी मी बंद करणार नाही. फक्त सकाळी कडी काढण्याआधी दाराला कान लावून उभी राहते. पाण्याचा आवाज येतो का ऐकते, कोणी सावकाश पिऊन राह्यलं असेल तर.

तुझी जयवंता आत्या